धुराच्या खोलीबाहेर

तुझ्या मातीला माणसं बरीच आली होती, दौलत. बंबखान्यातले आम्ही सगळे खाकीत होतो. कापसाच्या जिनांमधले हमाल काम टाकून आले. गावच्या म्युनिसिपल कमेटीचे दोन मेंबर छत्री घेऊन आले, थोडा वेळ उभे राहिले आणि छत्री घेऊन गेले. तुझ्या वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत होती आणि त्रिशरण म्हणत होती. मला ते येत नाही. हात जोडायचे की सोडायचे हेही कळेना, तेव्हा परेडला उभा राहतो तसा मी सावधान उभा राहिलो. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, "का बे किसना, सलामी देऊन राह्यला का?"

तुला पुरलं. तूच सांगून ठेवलं होतंस. "मले जाळू नका रे बापा. जलमभर त्या बाईशी भांडलो, आता शेवटी तिच्याच हाती देता का?" आगीला तू नेहमी बाई म्हणायचास. जिनात रुईच्या गाठी पेटल्या की लॉरीवरून उतरता उतरता म्हणायचास, "बाई आज भल्ली तापली आहे, हळू बोला." पोरं हसायची आणि त्यांच्या पायांतला कंप जायचा. आता मी तसं म्हणून पाहिलं, पण माझ्या तोंडून ते कोणाला हसू आणत नाही.

लिहायला बसलो की माझी शाळेतली भाषा वर येते. सातवी पास झाल्याचा हा एक तोटा. बोलायला तू नाहीस, म्हणून लिहितो आहे. आणि तुझे गुण गायला लिहीत नाही. ते काम कमेटीवाल्यांनी शोकसभेत केलं, ज्यांना तुझं पूर्ण नाव कागदावर पाहून वाचावं लागलं. मला तुझा राग आहे, दौलत. आपला वाद अर्धा टाकून तू निघून गेलास, आणि पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्या वादाचं काय झालं तेवढं सांगतो, मग तुला झोपू देतो.

आपण भरती झालो तेव्हाची भरती आठवते? कमेटीनं लढाईतली जुनी लॉरी घेऊन तिच्यावर टाकी बसवली होती आणि ती ढकलायला माणसं हवी होती. मला विचारलं, बादली घेऊन पळता येतं का. तुला विचारलं, झाडावर चढता येतं का. झाली भरती. शिकवणं म्हणजे जुना जमादार मागून शिव्या द्यायचा आणि आपण पुढे जायचं. पहिल्याच मोसमात रुईच्या गोदामात आपण दोघं हरवलो. दार हाताशी होतं आणि आपण भिंतीला धडका देत होतो. कसेबसे बाहेर पडल्यावर तू उलटी केलीस, तोंड पुसलंस आणि म्हणालास, "किसना, हे कोनी शिकवलं पायजे ना बे. असं कसं, न शिकताच मरायचं?"

तिथून तुझ्या डोक्यात शिकवायचं खूळ शिरलं. तू जमादार झालास तेव्हा कमेटीत कुजबुज झाली. महाराचा माणूस हुकूम देणार आणि कुणब्या-तेल्यांची पोरं ऐकणार, हे काही जणांच्या घशाखाली उतरेना. पण पेटलेल्या गोदामात सगळ्यांच्या पुढे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून कुजबुज थांबली. पुढे तू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास. मी विचारलं, आता काय बदललं? तू म्हणालास, "झोप बरी लागते बे." मी तेली. माझी झोप कोणी मोडलीच नव्हती, त्यामुळे मला ते तेव्हा फारसं समजलं नाही.

पोरं निवडायची तुझी तऱ्हाही न्यारी. मेंबर लोक उंची पाहायचे, छातीला फीत लावायचे. तू बाजूच्या बाकावर बसून एकच विचारायचास, "घरी कोन कोन आहे?" कारंज्याचा एक गडी आला होता, ढाब्यावर ट्रक धुणारा. छाती अशी की मेंबर एकमेकांकडे पाहायला लागले. तो म्हणाला, "कोनी नाई जी, मी एकटाच." मेंबर खूष झाले, मागे रडणारं कोणी नाही म्हणजे कटकट नाही. तू त्याला परत पाठवलंस. मी नंतर विचारलं, काऊन? तू म्हणालास, "ज्याची कोनी वाट पाहत नाई, तो आगीत मस्ती करते. मले घरी जायची घाई असलेला मानूस पायजे." मेंबरांना हे कधीच पटलं नाही, पण तुझी पोरं टिकायची, म्हणून गप्प बसायचे.

आणि मग ती खोली. बंबखान्यामागे जकात नाक्याची जुनी कोठी होती. एक दार, वर एक झरोका, बाकी दगडी भिंती. झरोका तू गोणपाटानं बंद केलास, मधोमध लोखंडी घमेलं ठेवलंस आणि त्यात ओली कवडी टाकलीस, जिनात कोणी विकत घेत नाही तो डागी कापूस. वरून फाटका बारदाना. ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. नव्या पोरांना तू त्यात न्यायचास. तोंडाला ओला दुपट्टा, गाल जमिनीला, डावा हात भिंतीला, उजव्या हातात पुढच्याचा पाय. सरपटत आत जायचं, बसायचं, आणि मग आपलं आपण दार शोधत, वाळूचं पोतं माणूस समजून ओढत बाहेर यायचं. शेवटचा पोरगा बाहेर पडेपर्यंत तू आतल्या कोपऱ्यात बसून असायचास. मी म्हटलं, तू कशाला बसतो? तुझं उत्तर ठरलेलं. "ज्या जागी मी बसत नाई, त्या जागी दुसऱ्याच्या पोराले बसवत नाई." हे मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता.

तळेगावच्या त्या रामकृष्णाचा बाप भांडायला आला होता ते आठवून मला अजून हसू येतं. पागोटं बांधलेला, चांगल्या वावराचा धनी. बंबखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "माह्या पोराले तुमी कोनाच्या पायाले हात लावाले लावता?" तू पाईप धूत होतास. धुता धुताच म्हणालास, "धुरात मोरं मी असतो जी. माह्ये पाय नाई धरले तं तो आतच राह्यते. तुमी येता का मोरं? मंग तुमचे धरू द्या." म्हाताऱ्यानं पागोटं सावरलं. मग म्हणाला, "अन् पानी? पानी कोन भरते?" तू म्हणालास, "मीच भरतो. पन तुमचा पोरगा बाहेर आला का सरळ बादलीत तोंड घालते, मले इचारत नाई." म्हातारा निघून गेला आणि पोरगा राहिला. चांगला फायरमन झाला. तुझ्या मातीला मात्र तो दिसला नाही. बापानं येऊ दिलं नसेल, नाही तर त्याची ड्यूटी असेल. मी विचारलं नाही.

बाहेर आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तू गुळाचा खडा ठेवायचास आणि एक स्वतःच्या तोंडात टाकायचास. जिनात सगळेच खातात. गूळ खाल्ला की छातीतला धूर, छातीतली धूळ खाली उतरते, असं आपल्या बापांनी आपल्याला सांगितलेलं आणि आपण पोरांना सांगितलेलं. तुझा त्यावर असा विश्वास होता की दुपट्टा विसरशील, पण गूळ नाही. मीही खात होतो. कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

वसंताचं मी लिहिणार नव्हतो. पण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्याचा मामा कमेटीत मेंबर होता. निरोप आला, पोरगा लाडाचा आहे, बाकी सगळं शिकवा, धुरात तेवढं बसवू नका. तू दिवसभर धुसफुसत होतास. पण बंबाचे टायर झिजले होते आणि ते त्या मामाच्या शब्दावर मिळणार होते, तेव्हा तू तेवढं सोडलंस. कामाला पोरगा झकास होता. शिडीवर सरसर चढायचा, हुकूम पुरा होण्याआधी पाईप जोडायचा.

दिवाळीनंतर जिनं सुरू झाली आणि एका भर दुपारी गोदाम पेटलं. आत तू, मी आणि वसंता. आधी सगळं बरं चाललं होतं. मग थप्पी ढासळली आणि धूर एकदम खाली आला. तू आणि मी पोटावर पडलो. पडायचं असं ठरवून पडलो नाही, अंगच पडलं, इतकी सवय तू लावली होतीस. वसंता उठला. मला त्याचे बूट दिसले. ते उजवीकडे पळाले आणि दार डावीकडे होतं. तू ओरडत होतास, "खाली झोप, वसंता, खाली झोप." तो थांबला नाही. आग शांत झाल्यावर सापडला तेव्हा गाठींच्या मागे गुडघ्यावर होता, भिंतीला कपाळ लावून. अंगावर जळाल्याची एक खूण नव्हती. त्याची आई तुला विचारत राहिली, "जळला नाई तं मेला कसा जी?" तू तिच्यासमोर जमिनीवर बसून होतास. तुझ्याजवळ सांगायला होतं, पण ते त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर तू कोणाचं ऐकलं नाहीस. नवी पोरं एकदा बसायची, ती दर आठवड्याला बसू लागली. जुन्यांनाही सोडलं नाहीस. पाहुणा असो, मेंबरचा भाचा असो, "आधी आत, मंग बोल." पोरं आळीपाळीनं बसायची आणि कोपऱ्यात दर वेळी तू. इथंच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होतो, अंधारच शिकवायचा ना, मग डोळ्याला पट्टी बांधून शिकव. भिंत तीच, दार तेच, पोतं तेच. तू मान हलवायचास. "पट्टी बांधली तं डोळा भेते. छाती नाई भेत. वसंताचे डोळे चांगले होते, किसना. छातीनं दगा देल्ला त्याले." मी म्हणायचो, "अन् तुही छाती? ते काय लोखंडाची आहे?" तू हसून गूळ काढायचास.

निंबाखालच्या बाकावर आपण हे किती वेळा बोललो असू. एकदा मी चिडून म्हणालो होतो, "तू वसंतासाठी बसत नाई, त्याच्या मायले तोंड दाखवता येत नाई म्हणून बसतो." तू उठून गेलास. दोन दिवस बोलला नाहीस, आणि मग तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आलास, जसं काही झालंच नाही. मी बोललो ते खरं होतं असं मला अजूनही वाटतं. तूही खरा होतास. असा वाद मिटतो कसा, ते मला कोणी शिकवलं नाही.

खोकला आधी सगळ्यांनाच होता, म्हणून तुझा वेगळा कोणाला दिसला नाही. मग तू जिना चढताना थांबायला लागलास. मग बसून झोपायला लागलास. जिल्ह्याच्या दवाखान्यात क्षय आहे का म्हणून छातीचा फोटो काढला, तर क्षय नव्हता. डॉक्टरनं विचारलं, बिडी किती? तू कधी बिडी ओढली नव्हतीस. मग मी त्या खोलीचं सांगितलं आणि गुळाचंही सांगितलं. डॉक्टर तरुण होता, हसला नाही. एवढंच म्हणाला, "गूळ पोटात जातो हो. छातीत नाही जात." तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटतं, तुला त्या दिवशी मरणाचं दुःख झालं नाही. तू पोरांच्या हातावर इतकी वर्षं काय ठेवत होतास, याचं झालं.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा तुझ्या वाक्यांना दम पुरत नव्हता. "पोळ्यानंतर नवी भरती आहे... तू बसशील ना बे त्याइच्यासंग?" मी म्हणालो, "तू आधी बरा हो." हे काही उत्तर नव्हतं. तुला ते समजलं, कारण तू पुन्हा विचारलं नाहीस. मी तुझे पाय दाबत बसलो. धुरात हाताला लागायचे तेच पाय, पण आता नुसती हाडं. माझं उत्तर तेव्हा तयार नव्हतं, दौलत, आणि तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

मातीनंतर मी तुझ्या घरी गेलो. वहिनीला विचारलं, तेरवीचं काय काय आणायचं. ती म्हणाली, "आमच्यात आता तेरवी नाई, भाऊजी. ते सोडलं सगळं." मग मी विचारलं, माझ्याकडून काय करू? ती लगेच बोलली, जसं किती दिवस तयार करून ठेवलं होतं. "ते खोली बुजवून टाका. मले दुसरं काई नोको." तुझ्यासमोर तिनं त्या खोलीचं नाव कधी काढलं नव्हतं. फक्त तू कामावरून आलास की तुझा सदरा ती घरात येऊ द्यायची नाही, बाहेरच्या खुंटीवर राहायचा. मी म्हणालो, "बुजवतो, वहिनी." शब्द दिला. गवंड्याला सांगितलं, विटा आणून ठेवल्या. मला बरंच वाटलं खरं सांगायचं तर. वाद मीच जिंकलो, असंही वाटलं.

मग कमेटीनं तुझ्या रिकाम्या जागेवर मनोहरला घेतलं. बापाची जागा पोराला, हा आपल्याकडचा रिवाज, त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. घर चालवायला दुसरं काही नव्हतंही. जमादारी माझ्याकडे आली. तुझा पोरगा, हिंगणीचा एक, आणखी चार, अशी भरती माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. मनोहर तुझ्यापेक्षा उंच निघाला. खाकी घालून आला तेव्हा मी क्षणभर दुसरीकडे पाहिलं.

मी माझी पट्टी बांधली. खोली रिकामी, धूर नाही, डोळ्यांवर काळं फडकं. पोरं पहिल्याच दिवशी शिकली. भराभर दार शोधत होती, पोतं ओढत होती, एकमेकांना ढकलत होती. आणि हसत होती. मनोहर तर सरळ उभा राहून, हात पसरून चालत यायचा आणि दारात येऊन म्हणायचा, "सापडलं ना काका." मी ओरडलो, "खाली बस, खाली बसून ये." तो बसायचा आणि चार हात गेला की पुन्हा उठायचा. उभं राहून सोपं पडतं तर कोण सरपटेल? मी एक कचकचीत शिवी हासडली. तो दचकला आणि मग हसला. काकाची शिवी त्याला लहानपणापासून पाठ. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वसंताचे बूट मला मनोहरच्या पायांत दिसत होते, आणि दिवाळी जवळ येत होती, जिनं सुरू व्हायची होती. तरी मी घमेलं काढलं नाही. शब्द दिला होता, आणि तुझा खोकला माझ्या कानात होता.

गवंडी यायचा होता त्या दिवशी सकाळी वहिनी आली. ती बंबखान्यात कधी आली नव्हती. विटांच्या ढिगाजवळ उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन. मला वाटलं, काम सुरू झालं का ते पाहायला आली.

"आजच लावतो वहिनी," मी म्हणालो. "गवंडी येऊनच राह्यला."

"मनोहर काल घरी सांगून राह्यला होता," ती म्हणाली. "म्हने, आमी आंधळी कोशिंबीर खेळतो. हसून हसून सांगून राह्यला होता जी, भाऊजी."

मी हातातली वीट खाली ठेवली.

"याचा बाप त्या खोलीतून कधी हसत नाई आला." ती विटांकडे पाहत होती. "वसंताची माय दर साली माह्याकडं येते. काई बोलत नाई. बसते अन् जाते. मले तिच्यासारखं नाई बसाचं कोनाच्या घरी."

"वहिनी, तुमीच म्हटलं होतं..."

"म्हटलं होतं. तवा मनोहर घरी होता, आता तो तुमच्याकडं आहे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्याले बसवा. आज बसवा, मी इथं असतानी. पन तुमी नका बसू आत. तुमाले बी बायको आहे."

दौलत, इतक्या वर्षांत आपल्या दोघांना हे सुचलं नाही. तू म्हणत होतास खोली पाहिजे, मी म्हणत होतो खोली नको. पोरं एक-दोनदा बसली तर मरत नाहीत, मरतो तो दर वेळी कोपऱ्यात बसणारा, हे आपण निंबाखाली बसून कधी बोललोच नाही. तिनं चूल फुंकता फुंकता ते वेगळं करून ठेवलं होतं.

मी झरोक्याला गोणपाट लावलं. कवडी भिजवली. पोरांचे चेहरे उतरले, मनोहरचाही. सगळ्यांत पुढे त्यालाच दिलं आणि त्याच्या मनगटाला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या हातात ठेवलं. दोन झटके दिले तर मी दार उघडेन, असं सांगितलं. तुझं ते वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं, पण मला ते म्हणता येत नव्हतं, कारण मी आत जाणार नव्हतो. "गाल जमिनीले," एवढंच म्हणालो आणि कडी न लावता दार ओढून घेतलं.

आधी काही ऐकू येत नाही. मग एक जण खोकतो. मग सगळे. टिनाच्या दाराच्या फटीतून धूर यायला लागतो आणि तो हातानं बाजूला सारावासा वाटतो, जसा काही त्यानं आतला धूर कमी होणार आहे. आत असलं की काम असतं. भिंत शोधायची, पोरं मोजायची, कोण घाबरला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. बाहेर काही काम नाही. नुसती दोरी हातात.

"हा मनोहरचा," वहिनी म्हणाली. सगळ्यांच्या खोकल्यातून तिला तो वेगळा येत होता. पुन्हा म्हणाली, "हा त्याचा." मग ती बोलायची थांबली. मी तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"त्याचा नाई ऐकू येत."

दोरी ढिली होती. झटका नव्हता, ओढ नव्हती, काहीच नव्हतं. मी दाराशी गेलो आणि कडीला हात घातला. तिनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"थांबा," ती म्हणाली.

हे ती म्हणाली, दौलत. माझ्यात ती हिंमत नव्हती, मी उघडलंच असतं. ती माझं मनगट धरून दाराकडे पाहत उभी राहिली, आणि मग आतून कोणीतरी दार ढकललं. हिंगणीचा पोरगा सरपटत आला आणि तिथंच उलटी केली. मग दुसरा, तिसरा. सगळे पोटावर. मनोहर सगळ्यात शेवटी आला. बाकीच्यांना त्यानं आधी काढलं होतं आणि स्वतः वाळूचं पोतं ओढत होता. त्याचा खोकला बंद झाला होता कारण त्याचा गाल जमिनीला होता आणि तो दम राखून होता, सांगितला तसा. बाहेर आला, उठून बसला, डोळे लाल, नाकातून पाणी. हसला नाही. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वहिनीनं बादली त्याच्यासमोर सरकवली. "बरं," एवढंच म्हणाली आणि पदर सावरून घराकडे निघाली. गवंडी आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं. विटा तशाच पडून आहेत.

आता पोरं मोसमातून दोनदाच बसतात, आणि मी बाहेर दोरी धरून असतो. तुला हे आवडणार नाही. तू म्हणशील, किसना भ्याला. म्हण. आत बसायला छाती लागते असं मीही इतकी वर्षं समजत होतो, आणि तू तिथं बसलास म्हणून तुला मनातल्या मनात सलाम करत होतो. तो सलाम मी काढून घेत नाही. तू नसतास तर मी त्या गोदामात वसंताच्या मागे पळालो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तू घरी यायचास तेव्हा सदरा बाहेर टांगणाऱ्या बाईनं सगळा दिवस काय ऐकत घालवला असेल, हे आपल्या वादात कधी आलं नाही. आत बसणं सोपं होतं, दौलत. तू एकदा बाहेर, तिच्या शेजारी उभं राहून पाहायला पाहिजे होतंस.